रजिस्टर्सचा पत्ता शेजारच्या प्रकरणात: रस्टच्या कॉलिंग कन्व्हेन्शनविषयक दस्तऐवजांचे परीक्षण

दोन वेगवेगळ्या कंपायलरांनी तयार केलेला कोड एकाच प्रोग्रॅममध्ये नांदायचा असेल, तर काही गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्या लागतात. पहिले आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेले मूल्य) कोणत्या रजिस्टरमधून (प्रोसेसरमधील छोट्या साठ्यातून) जाईल, रजिस्टर्स संपल्यावर उरलेली आर्ग्युमेंट्स स्टॅकवर (कॉलची तात्पुरती मूल्ये ठेवण्याच्या मेमरीत) कशी रचली जातील, काम झाल्यावर तो स्टॅक कोण आवरेल आणि कॉल झालेल्या फंक्शनने कोणती रजिस्टर्स जशीच्या तशी परत करायची, या सगळ्या ठरावाला कॉलिंग कन्व्हेन्शन म्हणतात. हा ठराव भाषेपेक्षा प्लॅटफॉर्मच्या हातात अधिक असतो, आणि म्हणूनच सिस्टम्स प्रोग्रॅमिंगच्या भाषेने तो आपल्या दस्तऐवजात कसा मांडावा हा प्रश्न अवघड होतो. स्वतःच्या नियमांबद्दल भाषा अधिकारवाणीने बोलू शकते. परक्याचे नियम मात्र तिला एक तर उतरवून घ्यावे लागतात किंवा त्यांच्याकडे बोट दाखवून थांबावे लागते. रस्ट या सिस्टम्स प्रोग्रॅमिंगच्या भाषेने बहुतांशी दुसरा मार्ग निवडला आहे, आणि तो कुठे पुरतो व कुठे तोकडा पडतो हे पाहण्यासाठी मी तिचे अधिकृत दस्तऐवज पुन्हा एकदा सलग वाचून काढले.

सलग म्हटले खरे, पण हा विषय एका जागी नाही. रेफरन्स या अधिकृत संदर्भग्रंथातील बाह्य ब्लॉकांविषयीचे (बाहेरची फंक्शने घोषित करण्याविषयीचे) प्रकरण, त्याच रेफरन्समधील इनलाइन असेंब्लीचे (रस्टच्या कोडमध्येच प्रोसेसरच्या सूचना लिहिण्याचे) प्रकरण, रस्टोनॉमिकॉन या रस्टच्या अवघड बाजूंवरील पुस्तकातील परभाषिक फंक्शनांचे प्रकरण आणि स्टँडर्ड लायब्ररीतील फंक्शन पॉइंटरचे (फंक्शनचा पत्ता धरणाऱ्या मूल्याचे) पान, अशा चार ठिकाणी तो विखुरलेला आहे. चारही दस्तऐवज कंपायलरबरोबरच संगणकावर उतरवता येतात आणि इंटरनेट नसतानाही वाचता येतात, ही सोय छोटी असली तरी रात्री उशिरा डीबगर उघडून बसणाऱ्याला तिची किंमत कळते.

मुख्य यादी बाह्य ब्लॉकांच्या प्रकरणात आहे. एक्स्टर्न या शब्दापुढे अवतरणात जे नाव लिहायचे, त्याला रस्टमध्ये एबीआय स्ट्रिंग म्हणतात (एबीआय म्हणजे कंपाइल झालेल्या कोडचे तुकडे एकमेकांशी कसे जुळतात याचे नियम). 'रस्ट', 'सी' आणि 'सिस्टम' ही नावे सर्व प्लॅटफॉर्मवर चालतात. 'सीडेकल', 'स्टडीकॉल', 'फास्टकॉल', 'धिसकॉल', 'विन६४', 'सिसव्ही६४', 'एएपीसीएस', 'ईएफआयएपीआय' ही विशिष्ट प्लॅटफॉर्मपुरती मर्यादित आहेत. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या प्रोसेसरवर उपलब्ध आहे, मायक्रोसॉफ्टच्या आणि जीसीसीच्या कंपायलरमध्ये त्याला कोणता प्रतिशब्द आहे, आणि ते अमुक ठिकाणी 'सी'शी एकरूप आहे काय, हे दोन-तीन वाक्यांत सांगितलेले आहे. 'विन६४' हे ६४-बिट विंडोजवर 'सी'च असते आणि 'सिसव्ही६४' हे त्याच प्रोसेसरवर विंडोज सोडून इतरत्र 'सी' असते, ही माहिती इतक्या नेमकेपणाने फार थोड्या भाषांच्या दस्तऐवजांत सापडते. अलीकडे रेफरन्समधील प्रत्येक नियमाला स्वतःचे ओळखचिन्ह दिले गेले आहे. त्यामुळे सहकाऱ्याला 'ते प्रकरण वाच' असे मोघम सांगण्याऐवजी नेमक्या विधानावर बोट ठेवता येते. कोणते नाव कुठे वापरायचे, एवढाच प्रश्न घेऊन आलेल्या वाचकाला ही यादी पुरेशी आहे.

'सिस्टम' या नावाचा खुलासा विशेष उल्लेखनीय वाटला. नाव ऐकून वाटते, की ऑपरेटिंग सिस्टमच्या फंक्शनांसाठी ही काही वेगळी पद्धत असावी. प्रत्यक्षात ३२-बिट एक्स८६ विंडोजवर ते 'स्टडीकॉल' होते आणि बाकी सगळीकडे 'सी' राहते. त्यातही व्हेरिॲडिक, म्हणजे आर्ग्युमेंट्सची संख्या आधी न ठरलेल्या, फंक्शनांसाठी तिथेही 'सी'च लागू होते, कारण किती बाइट्स आवरायचे हे कॉल झालेल्या फंक्शनला ठाऊकच नसते. रेफरन्स नियम सांगतो, कारण सांगत नाही; पण नियम अचूक आहे आणि विंडोजची फंक्शने जोडताना हेच नाव वापरावे असा सल्लाही सोबत दिलेला आहे. काहीच नाव न लिहिता नुसते एक्स्टर्न लिहिले तर 'सी' समजले जाते, हा जुना संकेत नवख्यांना चकवतो, १.८६ या आवृत्तीपासून कंपायलर त्याबद्दल इशारा देऊ लागला आहे.

आता उणिवांकडे वळू. यादीत नावे आहेत, हद्दी आहेत, प्रतिशब्द आहेत. ठरावातील कलमे मात्र नाहीत. 'स्टडीकॉल'पुढे एवढेच समजते, की ३२-बिट विंडोजच्या फंक्शनांची ही नेहमीची पद्धत आहे. स्टॅक कॉल झालेले फंक्शन आवरते, हे त्या ओळींत नाही. तपशील हवा असेल तर मायक्रोसॉफ्टची पाने पाहा, विकिपीडियावरचा लेख पाहा, असे दुवे दिले आहेत. भाषेच्या अधिकृत संदर्भग्रंथाने असा मूलभूत तपशील कोणीही बदलू शकेल अशा विश्वकोशावर सोपवावा, हे मला आजही खटकते.

या एका कलमाचे महत्त्व मला स्वतःच्या चुकीतून कळले, म्हणून ते सांगतो. एका जुन्या ३२-बिट लायब्ररीला मी रस्टमधले कॉलबॅक फंक्शन, म्हणजे तिने नंतर स्वतः कॉल करायचे फंक्शन, दिले होते आणि सवयीने ते एक्स्टर्न 'सी' म्हणून लिहिले होते. लायब्ररीला 'स्टडीकॉल' हवे होते. कॉलबॅकला चार-चार बाइट्सची दोन आर्ग्युमेंट्स होती. माझे फंक्शन ती आवरत नव्हते, कारण 'सी' पद्धतीत ते काम कॉल करणाऱ्याचे असते. लायब्ररी आवरत नव्हती, कारण तिच्या लेखी ते काम माझे होते. दर कॉलला आठ बाइट्स स्टॅकवर पडून राहत. लायब्ररीतला तो लूप आपली स्थानिक मूल्ये ईबीपी या स्थिर रजिस्टरच्या आधाराने शोधत असल्यामुळे स्टॅकचे टोक दाखवणारा ईएसपी सरकत गेला तरी त्याचे काही बिघडत नव्हते. चाचणीत काही हजार कॉल व्हायचे आणि सर्व सुरळीत दिसायचे. खऱ्या वापरात मात्र एक मेगाबाइटचा स्टॅक भरायला आठाच्या हिशेबाने सुमारे १,३१,००० कॉल पुरतात, आणि तेवढे झाले की प्रोग्रॅम कोसळायचा, तोही माझ्या कोडपासून दूर, भलत्याच जागी. चूक निखालस माझी होती. पण 'हे फंक्शन स्वतःचा स्टॅक स्वतः आवरते' असे सहा-सात शब्दांचे वाक्य त्या नावासमोर असते, तर कोसळण्याचे रूप पाहून कारण ओळखायला मला दोन दिवस लागले नसते.

६४-बिट जगात तफावत आणखी सूक्ष्म आहे. विंडोजबाहेरच्या सिस्टम व्ही पद्धतीत पूर्णांक आणि पॉइंटर अनुक्रमे आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या सहा रजिस्टर्समधून जातात आणि दशांशमूल्यांसाठी एक्सएमएम०पासून आठ वेगळी रजिस्टर्स असतात. विंडोजवर आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ अशी चारच स्थाने आहेत, आणि ती पूर्णांक व दशांशमूल्ये यांच्यात सामाईक आहेत: दुसरे आर्ग्युमेंट दशांश असेल तर ते एक्सएमएम१मध्ये जाते आणि आरडीएक्स रिकामे राहते. शिवाय विंडोजवर कॉल करणाऱ्याने स्टॅकवर ३२ बाइट्सची मोकळी जागा सोडावी लागते. उलट सिस्टम व्हीमध्ये स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट्स फंक्शनला बिनदिक्कत वापरता येतात. आरडीआय आणि आरएसआय ही रजिस्टर्स विंडोजवर जपून परत करायची असतात, सिस्टम व्हीमध्ये ती कोणीही पुसून टाकावीत. संगणक सुरू करणारे यूईएफआय फर्मवेअर तर ६४-बिट एक्स८६वर विंडोजचीच पद्धत पाळते, मग त्यावर चालणारे कर्नल कोणतेही असो. म्हणून 'ईएफआयएपीआय' हे वेगळे नाव लागते. यादीच्या प्रकरणात यातला रजिस्टर्सचा तपशील शोधून मिळत नाही.

गंमत अशी, की त्यातला काही भाग त्याच रेफरन्समध्ये आहे, फक्त शेजारच्या प्रकरणात. इनलाइन असेंब्ली २०२२च्या फेब्रुवारीत, १.५९ या आवृत्तीत स्थिर झाली, आणि तिच्यासाठी लिहिलेल्या प्रकरणात असेंब्लीतून एखादे फंक्शन कॉल केल्यावर कोणती रजिस्टर्स पुसली गेली असे धरायचे, याचे प्लॅटफॉर्मवार कोष्टक दिलेले आहे. सिस्टम व्हीच्या ओळीत एसआय आणि डीआय (म्हणजेच आरएसआय आणि आरडीआय) दिसतात, विंडोजच्या ओळीत दिसत नाहीत. आधीच्या परिच्छेदातला फरक एका नजरेत समजतो. आर्म आणि रिस्क-व्ही या प्रोसेसरांच्या ओळीही आहेत. माझ्या मते कॉलिंग कन्व्हेन्शनबद्दल रस्टने लिहिलेला सर्वांत ठोस मजकूर हाच. पण ज्याला असेंब्ली लिहायचीच नाही तो हे प्रकरण उघडणार नाही, आणि कोष्टकाला फक्त 'काय पुसले जाते' एवढेच सांगायचे असल्यामुळे आर्ग्युमेंट्स कुठून जातात हे तिथेही अनुत्तरितच राहते. यादीच्या प्रकरणातून या कोष्टकाकडे जाणारा एक दुवा दिला, तरी दोन्ही प्रकरणांचा उपयोग दुप्पट होईल.

बोट दाखवण्याच्या पद्धतीचा खरा कस लागतो तो 'सी' या नावापाशी. रेफरन्सच्या व्याख्येनुसार त्या प्लॅटफॉर्मवर प्रमुख मानला जाणारा सी कंपायलर जी पद्धत पाळतो, तीच रस्टची 'सी' पद्धत. व्याख्या आखूड आहे, प्रामाणिक आहे, आणि जिथे तो सी कंपायलर व रस्ट खरोखर जुळतात तिथे याहून अधिक काही लिहिण्याची गरजही नाही. पण 'डब्ल्यूएएसएम३२-अननोन-अननोन' या वेब असेम्ब्लीच्या (ब्राउझरमध्येही चालणाऱ्या कोडच्या) लक्ष्यावर, म्हणजे ज्यासाठी कोड तयार करायचा त्या प्लॅटफॉर्मवर, ती अनेक वर्षे खरी नव्हती. दोन पूर्णांकांचा एक स्ट्रक्ट (घटकांचा एकत्र गट) मूल्य म्हणून पाठवला, तर प्रमाणित सी पद्धतीत तो मेमरीत ठेवून त्याचा पॉइंटर पाठवला जातो. रस्ट मात्र त्याची घटकमूल्ये सुटी करून दोन वेगळी आर्ग्युमेंट्स म्हणून पाठवत असे. क्लँग या सी कंपायलरने तयार केलेला सी कोड आणि रस्टचा कोड त्या लक्ष्यावर एकत्र जोडला, तर स्ट्रक्ट घेणारी फंक्शने गोंधळ घालत. वासी या वेब असेम्ब्लीच्याच दुसऱ्या लक्ष्यावर तोच कोड नीट चालत असे, त्यामुळे चूक आपलीच असावी अशी समजूत होणे स्वाभाविक होते. या विसंगतीचे मूळ त्या लक्ष्याच्या सुरुवातीच्या दिवसांत आहे, आणि वासम-बाइंडजेन हे रस्ट आणि जावास्क्रिप्ट जोडणारे लोकप्रिय साधन तिच्यावरच उभे राहिल्यामुळे ती चटकन बदलताही येत नव्हती. बदलाची जाहीर सूचना २०२५च्या एप्रिलमध्ये आली आणि ऑगस्टमधील १.८९ या आवृत्तीत तो अमलात आला.

कंपायलरमध्ये दोष असणे समजण्यासारखे आहे. परीक्षणाचा मुद्दा त्या व्याख्येचा आहे. व्याख्या दुसऱ्याकडे बोट दाखवते तेव्हा तिच्यात अपवाद नोंदवायला जागाच उरत नाही. 'सी म्हणजे सी कंपायलर करतो ते' या वाक्यापुढे लक्ष्यनिहाय ज्ञात तफावतींची एक छोटी यादी ठेवली असती, तर ती नोंद पहिल्या दिवसापासून तिथे करता आली असती. आय१२८ या १२८-बिट पूर्णांकाचीही कथा याच जातीची आहे. एक्स८६-६४वर त्याचे अलाइनमेंट (मेमरीतील पत्ता किती बाइट्सच्या पटीत असावा ही अट) सी कंपायलरशी जुळत नव्हते. ते २०२४च्या मार्चमधील १.७७मध्ये १६ बाइट्सवर आणले गेले, आणि त्याबाबतचा कंपायलरचा इशारा १.८९मध्ये मागे घेतला गेला. मधल्या काळात वाचकाला सावध करण्याचे काम कंपायलरच्या इशाऱ्याने केले. दस्तऐवजाची जागा इशाऱ्याने भरून काढणे रस्टमध्ये वारंवार दिसते, आणि खरे सांगायचे तर त्या इशाऱ्यांचा मजकूर अनेकदा रेफरन्सपेक्षा अधिक उपयोगी असतो.

आता ज्या पानाची मनापासून स्तुती करावीशी वाटते, त्याकडे येतो. स्टँडर्ड लायब्ररीतील फंक्शन पॉइंटरच्या पानावर एबीआय सुसंगतीचा एक विभाग आहे, आणि १.७६ आवृत्तीच्या घोषणेत, २०२४च्या फेब्रुवारीत, त्याची आवर्जून दखल घेतली गेली होती. एका स्वरूपात घोषित केलेले फंक्शन दुसऱ्या स्वरूपाच्या पॉइंटरमधून कॉल केले तर ते केव्हा चालते, याचा हा विभाग आहे. एबीआय स्ट्रिंग सुसंगत हवी, आर्ग्युमेंट्सची संख्या सारखी हवी, आणि प्रत्येक आर्ग्युमेंटचा व परतीच्या मूल्याचा प्रकार सुसंगत हवा, असा नियम आधी येतो. मग कोणते प्रकार आपसांत सुसंगत धरले जातात याची हमी. कॅर (एक अक्षर) आणि यू३२ (३२-बिट बिनचिन्ह पूर्णांक) यांचा आकार व अलाइनमेंट पूर्वीपासूनच एक होते, पण कॉलच्या वेळीही ते एकच समजले जातील ही हमी तेव्हाच दिली गेली. आणि त्यापुढे जे सुसंगत नाहीत त्यांचीही नोंद आहे: बूल (खरे-खोटे मूल्य) आणि यू८ (८-बिट बिनचिन्ह पूर्णांक), आय३२ (३२-बिट सचिन्ह पूर्णांक) आणि यू३२. दोन्ही जोड्यांतले आकार तंतोतंत सारखे असताना हे का, याचे उत्तरही तिथेच मिळते. काही प्लॅटफॉर्मवर रजिस्टरच्या न वापरलेल्या बिट्समध्ये काय असेल याबद्दलचे ठराव या प्रकारांसाठी वेगवेगळे असतात, म्हणून. एकाच घटकाचा स्ट्रक्ट आणि तो घटक हेही आपोआप सुसंगत ठरत नाहीत, कारण पुष्कळ पद्धतींत स्ट्रक्ट निराळ्या वाटेने पाठवला जातो. नियम, हमी, अपवाद आणि कारण, चारही गोष्टी एका पानात. हेच हात यादीच्या प्रकरणावरून फिरावेत असे वाटत राहते.

पॅनिक, म्हणजे रस्टमधील न सावरता येणारी चूक, दुसऱ्या भाषेच्या सीमेवरून पलीकडे गेला तर काय होते, हा भाग आता समाधानकारक आहे. 'सी-अनवाइंड' हे पॅनिकला सीमा ओलांडू देणारे नाव आणि त्याची भावंडे २०२३च्या जुलैत, १.७१मध्ये स्थिर झाली. साध्या 'सी' फंक्शनातून पॅनिक बाहेर पडू लागला तर प्रोग्रॅम तिथेच थांबवला जाईल, हे १.८१पासून पक्के झाले. रस्टोनॉमिकॉनमध्ये याचे स्वतंत्र विवेचन आहे आणि ते वाचनीय आहे.

त्याच रस्टोनॉमिकॉनमधील एबीआयची यादी मात्र काढून टाकली तरी चालेल. ती नुसती नावांची रांग आहे, हद्दी नाहीत, प्रतिशब्द नाहीत, आणि रांगेखाली यांपैकी बहुतेक नावे आपली आपण समजतात अशा अर्थाचे वाक्य आहे. 'एएपीसीएस' हे नाव आपले आपण समजलेला वाचक मला अजून भेटायचा आहे. रेफरन्स निदान एवढे तरी सांगतो, की हे नाव ३२-बिट आर्मवरच्या, दशांशमूल्यांसाठी वेगळी रजिस्टर्स न वापरणाऱ्या पद्धतीचे आहे.

तुलनेसाठी गो या भाषेकडे पाहणे उद्बोधक ठरते. गोने २०२१च्या ऑगस्टमध्ये, १.१७ या आवृत्तीत, एएमडी६४वर आर्ग्युमेंट्स स्टॅकऐवजी रजिस्टर्समधून पाठवायला सुरुवात केली, आणि त्या अंतर्गत पद्धतीचा सविस्तर दस्तऐवज कंपायलरच्या कोडसोबतच ठेवला. कोणती नऊ पूर्णांक-रजिस्टर्स, कोणती पंधरा दशांश-रजिस्टर्स, स्ट्रक्टचे घटक त्यांत पायरीपायरीने कसे वाटले जातात, आर१४मध्ये चालू गोरूटीनचा (गोमधील हलक्या समांतर कामाचा) पत्ता का ठेवला, हे सगळे उदाहरण आणि कारणांसह तिथे लिहिलेले आहे. आणि सुरुवातीलाच बजावलेले आहे, की ही पद्धत स्थिर नाही, तिच्यावर विसंबू नका; हाताने लिहिलेल्या असेंब्लीसाठी एबीआय० ही जुनी, स्टॅकवर चालणारी पद्धत कायम ठेवलेली आहे. म्हणजे ज्याची हमी नाही त्याचे गोने तपशीलवार वर्णन केले, तर 'सी' आणि 'स्टडीकॉल' यांच्यासारख्या ज्या पद्धतींची रस्ट हमी देतो त्यांचे वर्णन तो इतरांवर सोपवतो, आणि स्वतःच्या 'रस्ट' पद्धतीबद्दल, तिला स्थैर्याची हमी नाही यापलीकडे, मौन पाळतो. त्या मौनामागचे कारण मला मान्य आहे, कारण लिहिलेल्या गोष्टीवर लोक विसंबतातच, कितीही बजावले तरी. पण गोचा अनुभव पाहता बजावून लिहिणेही जमू शकते असे दिसते.

सी भाषेशी एखादी साधी लायब्ररी जोडणाऱ्याने बाह्य ब्लॉकांचे प्रकरण आणि फंक्शन पॉइंटरचे पान वाचावे, तेवढे पुरते. फर्मवेअर, कर्नल किंवा जुने ३२-बिट विंडोज यांच्या वाटेला जाणाऱ्याने हे दस्तऐवज अनुक्रमणिकेसारखे वापरावेत आणि मूळ ठराव प्रोसेसरच्या व ऑपरेटिंग सिस्टमच्या प्रकाशित एबीआयमधूनच वाचावेत. ॲपलच्या ६४-बिट आर्मवर व्हेरिॲडिक फंक्शनची अनिश्चित आर्ग्युमेंट्स नेहमी स्टॅकवरून जातात, इतर आर्म प्लॅटफॉर्मवर तशी सक्ती नाही. त्यामुळे फाइल उघडणाऱ्या ओपनसारखे व्हेरिॲडिक फंक्शन कोणी तीन निश्चित आर्ग्युमेंट्सचे म्हणून घोषित केले, तर तिसरे आर्ग्युमेंट एक्स२ रजिस्टरमध्ये जाते आणि ते फंक्शन ते स्टॅकवर शोधत बसते. एबीआय स्ट्रिंग बरोबर, कंपाइल बिनतक्रार, आणि नव्या फाइलच्या परवानग्या मात्र भलत्याच. अशा जागी मी आता कोणत्याही पानावर विसंबत नाही. कंपायलरला असेंब्ली काढायला सांगतो आणि कॉलच्या आधीच्या दहा ओळी स्वतः वाचतो.